फरिदाभाभी हात राखून देतात

शेजारून सालनाची वाटी आली तर ती रिकामी परत पाठवायची नाही, ही रीत पनवेलच्या मोहल्ल्यात सगळीच घरं पाळतात. फरिदाभाभींच्या घरून मात्र वाटीच्या बदल्यात पातेलं जायचं. हात राखून देणं त्यांना कधी जमलंच नाही. नवरा कमरुद्दीन कुवेतला एका कंपनीत स्टोअरकीपर, मुलगी सायमा नुकतीच पदवीधर झालेली, आणि भाभींचा जीव अडकलेला गाण्यांत. लग्नघरी हळदीला, मेंदीला बायका म्हणतात ती कोकणी गाणी त्यांनी उरणपर्यंत फिरून, म्हाताऱ्या खालाजानांपुढे रेकॉर्डर धरून गोळा केली होती.

२०१२ साली भाचा शहजाद याने घरच्या कॉम्प्युटरवर आणि सायमाच्या लॅपटॉपवर फाइल शेअरिंगचा प्रोग्राम टाकून दिला. ज्याने घेतलं त्याने पुढच्याला द्यायचं, हा त्या प्रोग्रामचा कायदा भाभींना एकदम पटला. किती वेगाने द्यायचं असं तिथे विचारलं होतं. भाभींनी बिनधास्त ‘अनलिमिटेड’ निवडलं. गाणी दोहाला गेली, लंडनला गेली, थेट केपटाऊनच्या कोकणी घरांत पोचली. कॉम्प्युटर बंद करायचा म्हटलं की त्यांना पंगतीत बसलेल्याच्या पुढचं ताट ओढल्यासारखं वाटे.

तीन वर्षांनी सायमाचं लग्न ठरलं. मुलगा चांगला, घर चांगलं, फक्त मुलाचे आजोबा दाऊदमियां जुन्या वळणाचे. त्यांनी स्पष्ट सांगितलं, “मंगनीत मुलीच्या बापाने सगळ्यांसमोर मंजुरी द्यायची. मामा-चाचा चालणार नाहीत.” तीन वर्षं घरी न आलेल्या कमरुद्दीनला याही वेळी रजा मिळेना आणि मुलगा तर नोकरीसाठी मस्कतला निघालेला. शेवटी बापाने व्हिडिओ कॉलवर मंजुरी द्यावी, एवढ्यावर म्हातारा कसाबसा राजी झाला. हुकलं तर मंगनी पुढच्या वर्षावर जाणार होती.

भाभींनी आदल्या दिवशी तालीम म्हणून कॉल लावला. कमरुद्दीनचा चेहरा तोंड उघडून जो थिजला तो थिजलाच. आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता. भाभींनी राउटर फ्रिजवर ठेवला, मग कपाटावर, मग खिडकीत. पंखाही लावून पाहिला. सायमा कोपऱ्यात बसून नखं खात होती. ते पाहून भाभींनी इंटरनेटची लाइन देणाऱ्या निकेशला बोलावून घेतलं आणि सगळा राग त्याच्यावर काढला.

निकेश बेलपाड्याचा, दोन पोरांचा बाप. भाभींच्या तोंडाचा पट्टा संपेपर्यंत त्याने शांतपणे चहा घेतला आणि मग वायर तपासली.

“भाभी, आमची लाइन बरोबर हाय. तुमच्या घरातून दिवसरात माल बाहेर जातोय. दार एकच, नि ते पन अरुंद. ते असं भरलंय का पावन्याला आत यायला जागाच नाय.”

“म्हणजे मी देते म्हणून मला मिळत नाही?” भाभींना हा हिशेब मुळीच पटला नाही.

“तसंच हाय. बंद करा ना दोन दिस.”

“बंद नाही करणार. केपटाऊनला एका नवरीच्या घरी निम्मी गाणी पोचलीत. त्यांची हळद माझ्यामुळे अर्धी राहायची काय?”

निकेशने कपाळाला हात लावला. दोन्ही मशीनवर वेगळं काही करण्यापेक्षा राउटरमध्येच बांध घालू, असं म्हणून त्याने ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडलं आणि बाहेर जाणाऱ्या गाण्यांवर अपलोडची मर्यादा टाकायचा रकाना दाखवला. लाइनीचा चौथा हिस्सा गाण्यांना, बाकी घराला, असं तो म्हणाला. भाभी म्हणाल्या, “अर्धा.” मासळी बाजारात व्हावी तशी घासाघीस झाली आणि गाडी तिसऱ्या हिश्शावर थांबली. आकडा मात्र भाभींनी स्वतः टाकला. एवढं कमी त्यांनी आयुष्यात कुणाला वाढलं नव्हतं, बोट जरा अडखळलं. पण राउटर पुन्हा सुरू झाला तेव्हा गाणी सावकाश का होईना, जात होती.

शुक्रवारी दुपारच्या असरच्या नमाजनंतर घर पाहुण्यांनी भरलं. कॉल लागला. कमरुद्दीन समोर बसल्यासारखे दिसले.

“सायमाचा बाप म्हणून मला हा रिश्ता मंजूर आहे,” ते म्हणाले. शब्द न् शब्द आला. दाऊदमियांनी मान डोलावली, बायकांनी सायमाला मिठाई भरवली, एकच गलका झाला.

भाभी मात्र स्क्रीनपाशीच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं तो चेहरा त्यांनी कॉलवर डागाडागांतच पाहिला होता. आज पहिल्यांदा नीट दिसत होता.

“सायमाचे अब्बा, दाढी कधी पांढरी झाली?”

“झाली दोनेक वर्षं,” कमरुद्दीन ओशाळून म्हणाले. “तुला दिसत नव्हती. म्हटलं, कशाला सांगा.”

भरल्या घरात, व्याह्यांच्या देखत त्या म्हणाल्या, “बस झाली आता ती नोकरी. निकाहला याल ते परत जायचं नाही.”

कमरुद्दीन हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले ते सगळ्यांना स्वच्छ दिसलं.