खंदकातला झेंडू

खंदकातली ती ओलसर माती मला अजून विसरता येत नाही. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, मुलगा दुबईजवळ अजमानला होता म्हणून तिकडे गेलो आणि अबुधाबीपासून दोन तासांवरच्या एका खजुराच्या शेतावर सुरक्षा अधिकारी झालो. शेताच्या मधोमध कित्येक शतकांपूर्वीच्या एका घराचे अवशेष होते. कमरेएवढ्या मातीच्या भिंती आणि चारही बाजूंनी खंदक. सरकारने कुंपण घातले होते. आत कुदळ मारणे सोडाच, पाऊल टाकायलाही बंदी होती.

एका सकाळी ट्रॅक्टरचालकाने खबर दिली. "साहब, खंदक में रोज कोई उतरता है. मिट्टी ताजा है."

जाऊन पाहिले. कोपऱ्यात माती उकरून वर सुक्या झावळ्या टाकल्या होत्या. जुन्या वस्तूंची चोरी, हे मी तिथेच ठरवून टाकले. झावळ्या उचलून पाहिल्या नाहीत. पंचनाम्याआधी जागेला हात लावायचा नाही, ही तीस वर्षांची सवय. फोटो काढले आणि अहवाल लगेच वर, मुख्य कार्यालयात पाठवला.

कुंपणाजवळचे गमबुटांचे ठसे बागेला पाणी सोडणाऱ्याचे निघाले. चाळिशीचा, वसईचा माणूस. खोटे बोलणारा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. हा प्रश्न पूर्ण ऐकून घेऊन मग बोलत होता.

"काय सापडलं तिथे?"

"काही नाही, सर."

"मग उकरलंस कशाला?"

"झेंडू लावलाय, सर. आई जूनमध्ये गेली. लीव्ह सँक्शन झाली नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आमच्या ख्रिस्ती लोकांत थडगी सजवतात. आईची रीत होती, फुलं आपल्या हातची पाहिजेत, विकतची नाही. रूममेट सुट्टीवर चाललाय, त्याच्याबरोबर पाठवणार होतो."

"बागेत जागा नव्हती?"

"लावली होती. फोरमनने उपटली. पाणी फक्त खजुराला म्हणाला. खंदकात कोण येत नाही, म्हणून तिथे."

आम्ही दोघे खंदकात उतरलो. मी झावळ्या बाजूला केल्या. खाली अकरा रोपे होती, कळ्या धरलेली. मला माझीच लाज वाटली.

अहवाल मागे घ्यायला फोन केला. "हबीबी, फाइल ओपन हो गया. खलास," मुख्य कार्यालयातला माणूस म्हणाला. दोन दिवसांनी सरकारी पाहणी झाली. रोपे उपटून पुरावा म्हणून पिशवीत भरली गेली. त्याचा व्हिसा रद्द झाला.

त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो. धीर द्यावा म्हणून म्हणालो, "त्या दिवशी तू स्वतः तरी आईजवळ असशील."

"असेन ना, सर," तो म्हणाला. "पण फुलं बाजारातून घ्यावी लागतील."

नोकरीभर मी चोर ओळखण्यात तरबेज होतो आणि त्याचा मला अभिमान होता. समोरचा चोर नसेल, तर तो कोण आहे हे विचारायचे राहून जाते, एवढे मला त्या अकरा रोपांनी उशिरा शिकवले.

आता परत आलो आहे. गॅलरीत दर वर्षी झेंडू लावतो. ऑक्टोबर संपताना फुले भरपूर येतात. वसई इथून दीड तासावर आहे आणि त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. अजून एकदाही गेलो नाही.