खाडीपुढचे किडे

मी समुद्राच्या तळाशी, चिखलात राहणाऱ्या कृमींचा अभ्यास करते. रायपूरला हे सांगितलं की लोक आधी हसतात. आई हसत नाही, तिला किळस येते.

त्या वर्षी मी आंध्राच्या किनाऱ्यावर एका खाडीपुढं होडीतून गाळ काढत होते. उन्हाळ्यात गाळ धुतला की चाळणीत दोऱ्यासारखे बारीक कृमी ढिगानं उरायचे. पावसाळ्यात नदीचं गढूळ गोडं पाणी आलं आणि चाळणी रिकामी राहू लागली. या दिवसांत ते कमी होतात हे मला ठाऊक होतं, पण इतके? त्यात खाडीत कुणीतरी बांधकामाचा राडारोडा टाकत होतं. तळच मेला असेल तर?

अशातच होडीतून उतरताना शेवाळावरून घसरले आणि घोटा मोडला. रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा येऊन मला घेऊन गेले. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घरी पाय उशीवर ठेवून मी पडून राहिले.

"काहून तोंड पाडून बसली? हाड तं जुळून राहिलं," आई म्हणाली.

"हाडाचं नाही गं. ते परत आलेच नाहीत तर?"

"कोण?"

"किडे."

तिनं नाक मुरडलं आणि माझ्या पायाखालची उशी सारखी केली.

पाऊस संपला, हवेत गारवा आला. माझ्याऐवजी प्रयोगशाळेतली मैत्रीण गाळ काढायला गेली. दुपारी होडीतूनच तिचा व्हिडिओ कॉल आला. "बघ," एवढंच म्हणून तिनं फोन चाळणीवर धरला. आधी नुसती वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे दिसले. मग एक लाल धागा हलला. शेजारी दुसरा. मग जिथं पाहावं तिथं हालचाल. बहुतेक अगदी कोवळे, नुकतेच तळाशी येऊन वसलेले. मी फोन डोळ्यांजवळ नेला.

आई मागून वाकली. "अगोबाई, हे तं वळवळून राहिले! जित्ते हायेत ना?"

"हो आई. आले परत."

"बरं झालं बाई." ती पलंगावर टेकली आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. "त्या कोपऱ्यातलं पाह्य, किती बारकं हाय."

बाबा चष्मा शोधू लागले. आमचा गलका ऐकून शेजारच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "क्या हुआ दीदी?"

"अच्छी खबर है," आई डोळे पुसत म्हणाली. "बिटिया के कीड़े आ गए."