मेडशीला बॅटरी उतरली

न विचारता जुनी मोटार घेतली म्हणून नलिनी, माझी बायको, हिंगोलीला माहेरी निघून गेली. महिन्याभरानं पत्र आलं: ‘बुधवारी दुपारच्या गाडीनं अकोल्याला मावशीकडे निघाले आहे. जऊळका स्टेशनवर मोटार घेऊन आलात तर उतरेन. नाहीतर मावशीकडेच राहीन.’ झालं! मीही पेटलो आणि पुण्याहून निघालो.

मेडशीला जुना मित्र शामराव मास्तर, त्याच्याकडे मुक्काम केला. जेवायला रोडगे (निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी. जयंतीचे दिवस, गाव गाण्यांत दंग. मी मेल्यासारखा झोपलो. सकाळी किल्ली फिरवली तर मोटार हूं नाही की चूं नाही. दहा जणांनी ढकलली तेव्हा कुठं सुरू झाली. शामराव सोबतीला बसला.

शेलूबाजारच्या मिस्त्रीनं पट्टा ओढून पाहिला, डायनामो तपासला, बॅटरीतलं पाणी पाहिलं.

“गाडीत काहीच खराबी नाही, साहेब. कोनी तरी बॅटरी वापरून राह्यलं. हे पाहा, तारेच्या चिमट्याचे वळ.”

“चोर?”

“चोरानं परत कायले आणली असती?”

शामराव रस्त्यावरच्या जीपगाड्या न्याहाळत उभा होता. बॅटरी रातभर चार्जिंगला लावून आम्ही तिथंच राहिलो.

बुधवारी जऊळक्याला शामरावच्या मेहुण्याकडे जेवलो, जरा लवंडलो. गाडीची वेळ झाली तशी किल्ली फिरवली. शांतता! बॉनेट उघडलं, तर बॅटरीच गायब.

“शामराव!”

“रागावू नको भाऊ. वस्तीत लाइट नाही, जयंतीचा कर्णा बॅटरीवरच चालते. मेडशीतही मीच देल्ली होती. नाही कसं म्हनू?”

“अरे, माझी बायको चालली!” मी ओरडलो आणि पत्र त्याच्या हातात कोंबलं. वाचून त्याचा चेहराच पडला.

“तू टेशनावर पय (पळ),” एवढंच म्हणाला.

धापा टाकत पोचलो तर गाडी उभी. खिडकीतून नलिनीनं विचारलं, “मोटार कुठाय?” तेवढ्यात वस्तीतून कर्णा गरजला.

“वैनी! मी शामराव मास्तर बोलून राह्यलो! तुमची गाडी एकदम चांगली हाय. तिची बॅटरी ह्या कर्ण्याले मी लावली. कसूर माहा हाय, माफ करा अन् खाली उतरा!”

सगळा डबा आमच्याकडे बघायला लागला. गार्डची शिट्टी झाली. नलिनीनं पदर तोंडाला लावला, हसू काही आवरेना. आधी ट्रंक माझ्या अंगावर ढकलली, मग स्वतः उतरली.

बॅटरी परत बसवून निघालो; पुण्यापर्यंत ती एकदाही उतरली नाही. मी मात्र वाटभर शामरावावर जळत होतो. महिन्याभरात मी नलिनीला सहा पत्रं पाठवली होती. सहाही पत्रांत मोटार किती स्वस्त पडली ते लिहिलं होतं. कसूर माझा, हे एकातही नव्हतं.