शामराव तांबे यांनी अडवलेले मॅंडोलिन

शामराव गोविंद तांबे (१९५१–२०२४), राहणार डिलाईल रोड, यांनी एकतीस वर्षे गिरणीच्या घडी खात्यात कापड तपासले. सुरांशी त्यांचा संबंध गिरणीच्या भोंग्यापुरता होता. तरीही त्यांचे मित्र, चिंचपोकळीचे आनंदा राऊळ मेस्त्री यांनी आपल्या मॅंडोलिनांची तपासणी त्यांच्याच हाती सोपवली.

मेस्त्री मॅंडोलिन हाताने घडवीत. शिसवीची पाठ, वर देवदाराची फळी, वर्षाला जेमतेम चार नग, प्रत्येकी ऐंशी हजार. २०१७ साली एका कारखान्याने त्यांचे नाव आणि आराखडा परवान्यावर घेतला व तेच वाद्य यंत्रावर, प्लायवूडमध्ये, नऊ हजारांत काढायचे ठरवले. करारात कलम होते की, मेस्त्रींच्या नावाचे प्रत्येक वाद्य त्यांच्या नमुन्याशी ताडून, तपासनिसाचा शिक्का बसल्यावरच बाहेर जावे. मेस्त्रींना कारखान्याच्या चहाला न भुलणारा माणूस हवा होता. शामराव चहाच पीत नसत.

कारखान्याच्या पहिल्या खेपेचे बारा नग त्यांनी पोलादी पट्टीने मोजले. बाराही नमुन्याशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळले आणि शिक्के बसले. त्याच आठवड्यात मेस्त्रींनी गिरगावच्या वैभव सामंत या वादकासाठी घडवलेले वाद्य पूर्ण झाले. शामरावांनी तेही मोजले. मान दोन मिलिमीटर बारीक. फळी एका बाजूस जाड, दुसरीस पातळ. त्यांनी शिक्का पुन्हा डबीत ठेवला.

“अवो शामराव, नमुनो पण माझोच, आणि ह्यां पण माझांच,” मेस्त्री म्हणाले.

“म्हणूनच वाईट वाटतं. कारखान्यानं तुमचा नमुना पाळला, तुम्ही नाही पाळलात.”

वैभवची करंगळी आखूड, म्हणून मान बारीक ठेवली. फळी तर ठोकून, कान लावून तासली, असे मेस्त्रींनी परोपरीने सांगितले. करंगळीचा उल्लेख करारात नाही, असे शामरावांचे म्हणणे पडले. मेस्त्रींनी मग दोन्ही वाद्ये वाजवली. कारखान्याचे गोड होते, पण त्याचा नाद उंबऱ्याशी थांबे; हातचे ऐकून जिना उतरणारा माणूस मागे वळला. शामरावांनी वहीत ‘आवाज’ या सदराखाली ‘मोठा’ अशी नोंद केली.

वैभवचा रविवारी दादरला कार्यक्रम होता. बाजारात शिक्क्याची स्वस्त वाद्ये आल्यावर आपले बिनशिक्क्याचे अस्सल वाद्य लोक नक्कल समजतील, ही त्याची धास्ती. शामरावांना घास गोड लागेना. मापाविरुद्ध शिक्का त्यांनी उभ्या जन्मात मारला नव्हता, आणि न मारावा तर मित्राच्याच हातच्या कामाला मित्राचे नाव मिळत नव्हते.

त्यांच्या पत्नी शैलाबाई चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पण हातातली सुई थांबवली नाही.

“राधाबाईंचा मापाचा ब्लाउज समोर ठेवून मी गंगुबाईंचा शिवला, आणि माप अगदी बरोबर आहे म्हणून सांगितलं, तर गंगुबाई मला चाळीत राहू देतील?”

शामरावांनी भात कालवता कालवता विचारले, “मग वैभवचा नमुना कोणता?”

“त्याचा हात. तो काय घरी ठेवून फिरतो?”

दुसऱ्या दिवशी वैभवचा डावा पंजा टेबलावर पसरला गेला. शामरावांनी पाचही बोटे मोजली, आणि जेवणानंतर फरक पडतो की काय, हे पाहण्यासाठी दुपारी पुन्हा मोजली. मान करंगळीशी तंतोतंत जुळली. फळीची जाडी जाणूनबुजून असमान ठेवली आहे, असे त्यांनी मेस्त्रींकडून लिहून घेतले आणि शिक्का मारला. वैभवने आनंदाने वाद्य छेडले.

“तपासणी झाली आहे,” शामराव म्हणाले, “आता वाजवलं नाही तरी चालेल.”

पुढे त्यांच्याच आग्रहाने कलम दुरुस्त झाले. कारखान्याच्या वाद्यांवर ‘नमुन्याबरहुकूम’ आणि मेस्त्रींच्या हातच्या वाद्यांवर ‘हाताबरहुकूम’ असे दोन शिक्के ठरले. शामरावांच्या पश्चात पहिला शिक्का मेस्त्रींची पुतणी नूपुर चालवते. दुसऱ्याला मेस्त्री कोणाला हात लावू देत नाहीत. त्यानंतर हातची तीन वाद्ये बिनशिक्क्याचीच गिऱ्हाइकांकडे गेली. तिन्हींच्या पावतीवर मेस्त्रींनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे: शामरावांची तपासणी बाकी.