चारूला फेस येईपर्यंत

शाळेतून आलेय आणि गणवेशातच स्वयंपाकघरात आडवी झालेय. फरशी गार आहे. डोळे मिटतायत न मिटतायत तोच भिजवलेल्या चिंचेचा वास येतो आणि कुणीतरी पायाने मला ढोसतं.

“ऊठ गं बिड्डा. कोळ काढ.”

अम्मा. उन्हाळ्यात गेलेली माझी अम्मा, लेकराला बिड्डा म्हणणारी, पदर खोचून उभी. घाबरायचं मला सुचतच नाही. मी चिंच कुस्करते आणि सुटते नुसती बोलत. “अम्मा, मी वक्तृत्वात पहिली आले! मी! पाहुणे आले की पलंगाखाली लपायची ती मी!”

“तू? चल, काहीतरीच.”

“शप्पथ! हे बघ ना,” म्हणते तर आम्ही शाळेच्या स्टेजवरच आहोत. माईकशेजारी शेगडी, शेगडीवर चारू. आम्हा सोलापूरच्या तेलुगू लोकांचं सार ते, टोमॅटो आणि तुरीच्या डाळीचं. समोर खुर्च्या सगळ्या रिकाम्या.

“कडेने फेस धरला की लगेच उतरवायचं,” अम्मा सांगते. “खळखळून उकळलं की मेलं. उतरवलंस की मी मीठ घालते नि निघते.”

“निघते म्हणजे?”

“चारू झाल्यावर माझं काय काम इथे?”

पातेल्याच्या कडेला बुडबुडे जमतात. मी पटकन तांब्याभर पाणी ओतते. फेस बसतो. हुश्श! मी पुन्हा सुरू. टाळ्या किती वाजल्या, बाईंनी कशी मिठी मारली, अम्माचीच साडी नेसताना मी किती पिना लावल्या होत्या. पुन्हा फेस. पुन्हा पाणी.

आता हा दवाखान्यातला वॉर्ड आहे. शेगडी तिच्या कॉटवर. चारू पिवळट पाणी झालंय, आणि अम्माही. तिच्या आरपार चादरीच्या रेघा दिसतायत.

“किती पाणी घालशील गं?” तिचा आवाजही पातळ. “चव राहील का माझी?”

“नको ना जाऊस.”

“उतरव, बिड्डा.”

मला आता कशावरही बोलता येतं. आयत्या वेळच्या विषयावरसुद्धा. यावर येत नाही. फेस चढतो. मी तांब्या उचलते.

फरशी. तिरपं ऊन. गॅस बंद, पातेलं फळीवर पालथं, कोरडं ठणठणीत. पण माझ्या नखांत चिंचेचा कोळ आहे, ओला. मी बोट चोखते.

आंबट. नुसतं आंबट. मीठ नाही.