वैशाखात मोजलेली शाळा

अर्जुनी मोरगावपासून सहा कोसांवर एक मोठा तलाव आहे. त्याच्या एका अंगाला चिखलटोला, दुसऱ्या अंगाला पाथरबोडी. स्वातंत्र्य मिळाल्यावर पाथरबोडीने माध्यमिक शाळा काढली, आणि पाथरबोडीने काढली म्हणून पुढच्याच वर्षी चिखलटोल्यानेही काढली. पाथरबोडीला इमारत होती, पण मुलं नव्हती. चिखलटोल्याला मुलं होती, पण शाळा भरायची ती कुडाच्या भिंती घातलेल्या एका गोठ्यात. मॅट्रिकचा वर्ग दोघांनाही मिळत नव्हता.

ईश्वरदास कापगते हे चिखलटोल्याचे मुख्याध्यापक. अंगात करडा कोट, हातात बाराही महिने छत्री. त्यांच्या शाळेत सात मुली होत्या, आणि त्या भागात ही गोष्ट साधी नव्हती. प्रत्येकीसाठी ते तिच्या ओसरीवर जाऊन बसले होते. धुरपताबाईंच्या ओसरीवर तर सलग चार दिवस. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "न्या बाप्पा पोरीले. तुमच्या चहानं माहा गूळ सरला." अशी त्यांची निर्मला शाळेत आली. ती गणितात मुलांच्या पुढे होती. ही मुलगी मॅट्रिक होईल, हे गुरुजींनी मनात धरून ठेवलं होतं.

१९५३ साली निरीक्षक साहेब आले आणि त्यांनी दोन्ही गावांना एकत्र बसवून सांगितलं, "शाळा एक करा. मॅट्रिकचा वर्ग देतो, विज्ञानाची खोली देतो, मुलींना वेगळी खोली देतो. नाही केली, तर पुढच्या वर्षी दोन्हींची मान्यता जाईल."

एक करायला दोन्ही गावं तयार झाली. अडलं ते जागेवर. पाथरबोडीच्या संस्थेचे अध्यक्ष श्यामलाल इमारतीवरून हटेनात आणि चिखलटोल्याचे लोक त्यांच्या दारात जायला तयार होईनात. शेवटी बांधाचं भांडण तोडायची जी रीत, तीच लावायची ठरली. दोन्हीकडचा एकेक माणूस दोराचं एकेक टोक धरणार, आणि मोजून दोन्ही गावांना सारखी येईल ती जागा शाळेची.

मोजणी वैशाखात झाली. तलाव आटला होता, गाळाला भेगा पडल्या होत्या. चिखलटोल्याकडून दोराचं टोक गुरुजींनी धरलं. दोर तलावाच्या कोरड्या पोटातून सरळ गेला. समोरून श्यामलाल म्हणाले, "गुरुजी, दोर ताणू नका जास्त. तुमच्या गावाची सवयच हाय, आपल्याकडं ओढाची." लोक हसले. पाथरबोडीकडच्या काठावरच्या एका टेकाडाशी माप जुळलं. दोन्हीकडून बरोबर सारखं.

टेकाडाखाली अर्जुनाचं एक जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्यावर पुरुषभर उंचीला पाण्याची काळपट खूण होती. गुरुजींनी ती पाहिली. आषाढात तलाव भरला की चिखलटोल्याची ही सरळ वाट बुडणार आणि पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, तीन मैलांचा वेढा पडणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. गावातले दहा-बारा जण त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे होते. साहेबांना संध्याकाळची गाडी पकडायची होती. आता तोंड उघडलं, तर जुळलेलं मोडेल आणि शाळाच जाईल, असं गुरुजींना वाटलं. ते गप्प राहिले. करारनाम्यात मात्र त्यांनी एक ओळ घालून घेतली : चिखलटोल्याच्या बाजूने पाणी ओलांडायला रपटा, म्हणजे दगडी फरशीची उंच वाट, बांधून मिळावा. मुख्याध्यापकपद पाथरबोडीकडे गेलं. गुरुजी नुसते शिक्षक झाले. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात आयांनी पोरींना बैलगाडीतून वेढ्याने पाठवलं. पंधरा दिवसांत धानाची रोवणी लागली, बैल चिखलणीला गेले, गाडी थांबली. एकेक मुलगी घरी बसली. निर्मला तेवढी मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यातून येत राहिली. एकदा डोंगा कलंडला. काठाजवळच होता, म्हणून जीव वाचला, पण वह्या-पुस्तकांचा लगदा झाला. गुरुजी ओसरीवर गेले, तेव्हा धुरपताबाई सूप पाखडत होत्या.

"गुरुजी, पोरगी शिकाले जाऊन राहिली का मासोळ्या धराले?"

"एवढं वर्ष काढा. रपटा होऊन राहिला. कागद नागपूरला गेला आहे."

"कागदावरून चालत येता येते का?"

त्या फाल्गुनात निर्मलाचं लग्न झालं.

गुरुजींनी दर सहा महिन्यांनी अर्ज केला. छप्पनमध्ये राज्य बदललं, कागद मुंबईला गेले. तिथून जुनी नोंद पाहून विचारणा आली, चिखलटोल्यास शाळा असताना रपटा कशाला हवा? गुरुजींनी उत्तर लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. विज्ञानाच्या खोलीच्या नावाखाली एक कपाट आलं, तेही बिनकुलपाचं. एकोणसाठ साली मात्र मुलींची खोली खरंच उभी राहिली. चांगली चुन्याची, कवेलूंच्या छपराची. त्या उन्हाळ्यात श्यामलालनी तिच्यात धानाची पोती ठेवली, तात्पुरती म्हणून.

साठच्या आषाढात गुरुजी निवृत्त झाले. निरोप त्याच खोलीत झाला, पोती भिंतीला सरकवून. श्यामलाल भाषणात म्हणाले, "दोन गावं कापगते गुरुजींनी एका दोरात बांधली." टाळ्या पडल्या. चिखलटोल्यापर्यंत बैलगाडी देऊ केली होती. गुरुजी नको म्हणाले आणि गळ्यातला हार काढून पाळीवरून निघाले.

पाळीखालच्या धानाच्या बांधीत धुरपताबाई रोवणी करत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"झाला का निरोप, गुरुजी? हार कोणं घातला?"

"श्यामलालनी."

"पोरी नोत्या?"

"होत्या दोन. पाथरबोडीच्या."

धुरपताबाईंनी हातातली रोपांची जुडी सोडवली. गुरुजी उभेच राहिले. मग म्हणाले, "बाई, दोर मोजला तेव्हा पाणी कुठवर चढते, ते मला दिसलं होतं. मी बोललो नाही."

"आमाले का दिसत नोतं? आमच्या बुढ्यायनंच बांधला हा तलाव." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "समदे तुमच्या तोंडाकडं पाहून राहिले होते. तुमी बोलले नाई, तं आमाले वाटलं, गुरुजीनं काईतरी करून ठेवलं असन. म्हून आमी बी नाई बोललो."

एवढं सांगून त्या वाकल्या आणि पुढची ओळ लावू लागल्या. गुरुजींनी छत्री उघडली. तीन मैलांपैकी अजून दोन बाकी होते.