वरच्या मजल्याचा फेज

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो आणि त्याचं प्रेम तो फोनवरून सूचनांच्या रूपाने पाठवतो. चैत्रात नाना, म्हणजे आमचे वडील, मोरीत पडले, त्या दिवशी सूचनांना पूर आला. पडले म्हणजे घसरून खाली बसले आणि कुणालाही हाक न मारता तिथेच बसून राहिले. मी वरच्या मजल्यावर पोहे करत होते. चहा द्यायला खाली गेले तेव्हा कळलं.

"नाना, हाक का नाही मारली?"

"उठतच होतो की."

ते कधीपासून उठत होते ते मी विचारलं नाही. त्यांच्याभोवतीची फरशी कोरडी झाली होती.

भावाने निकाल दिला की नानांना आता पुण्याला आणायचं. आठवा मजला, लिफ्ट, दिवसभराची बाई, सगळं तयार होतं. नानांनी आयुष्यभर मखमलाबादच्या या रानात गुलाब आणि झेंडू काढला. आता बाजूला सगळ्या इमारती झाल्या आणि आमच्याकडे विहीर, मोटार आणि झेंडूचा एक पट्टा एवढंच उरलं. त्या पट्ट्याकडे बघत ते म्हणाले, "मी नाय जाणार. आठव्या मजल्यावर माती तरी हाय का?" भाऊ म्हणाला, बाल्कनीत कुंड्या आहेत. त्यावर नानांनी फोन माझ्या हातात दिला. ते फोन असा परत देतात तेव्हा काय समजायचं हे मला ठाऊक आहे, भावाला नाही.

शेवटी मी मधे पडले. दसऱ्यापर्यंत मुदत मागितली. नानांच्या उशाला बटण बसवते, दाबलं की वर माझ्याकडे बेल वाजेल. ती भरवशाची ठरली तर नाना इथेच राहतील, नाही ठरली तर तू घेऊन जा. भावाने ते मान्य केलं आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्याचा फोन "कशी आहेस" ऐवजी "वाजली का?" असा सुरू व्हायला लागला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. म्हणजे वीज मी फळ्यावर बरीच हाताळली आहे. खालच्या मजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या, नानांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेल्या. त्यांत खिळा ठोकलेलाही त्यांना खपत नाही, मग नवी वायर टाकणं दूरच. आमचं वायफाय जिन्याच्या वळणावरच दम टाकतं. नानांचा मोबाईल निम्मा वेळ देव्हाऱ्यासमोर असतो. म्हणून मी घरातल्या विजेच्या वायरींमधूनच निरोप पाठवणारी यंत्रणा आणली. पलंगाशेजारच्या सॉकेटमध्ये एक डबी, माझ्या स्वयंपाकघरात दुसरी, मोरीच्या दिव्याला तिसरी. नानांनी बटण दाबलं की तो निरोप भिंतीतल्या तारांमधून चालत जाणार, मोरीत दिवा लागणार आणि वर बेल वाजणार. एकदाच नीट तपासून घेतलं. खालचा आणि वरचा मजला एकाच फेजवर, म्हणजे खांबावरून येणाऱ्या एकाच तारेवर आहेत, हेही बघितलं. बटण दाबलं, बेल वाजली. मी माझ्यावरच खूश झाले.

चार दिवसांनी बेल मुकी झाली. खाली मोरीतला दिवा लागत होता, वर मात्र शुकशुकाट. दोन दिवसांनी आपोआप वाजायला लागली. परत मुकी झाली. कधी आठवडाभर शहाण्यासारखी वागायची, कधी एका दिवसात दोनदा रुसायची. भावाला मी "वाजली" एवढंच सांगत होते, कारण दिवसातून एकदा तरी ती वाजत होतीच.

अशा दुखण्यावर एकच उपाय असतो. घरातली प्रत्येक वस्तू बंद करायची आणि मग एकेक चालू करत बघायचं, कोण सुरू झालं की बेल बसते. मी वर उभी, नाना खाली पलंगावर, आणि मधे फोन.

"नाना, दाबा."

"दाबलं."

"आता मी फिल्टर लावते. दाबा."

"दाबलं."

"नाही वाजली. परत दाबा."

"ताई, लय दाबलं. बोटाला घट्टा पडंल आता. पाणी पिऊन येऊ का?"

फिल्टर काढल्यावरही बेल मुकीच राहिली, तेव्हा पाण्याचा फिल्टर निर्दोष सुटला. देव्हाऱ्यातली दिव्यांची माळ निर्दोष सुटली. इन्व्हर्टर निरोप गिळत होता, त्याला वेगळं काढलं. रस्त्यावरून घेतलेला एक मोबाईलचा चार्जर तारांमध्ये इतका गोंगाट करत होता की त्या गोंगाटात नानांचा निरोप ऐकूच येत नसावा. तो मी उकिरड्यावर टाकला. नवरा मनमाडला रेल्वेत आहे, शनिवारी घरी येतो. तो तिकीट तपासतो, पण सिग्नल हा शब्द निघाला की अख्ख्या रेल्वेच्या वतीने बोलतो. तो म्हणाला, "आमच्याकडे सिग्नल मिळाला नाही तर गाडी उभी राहते. तुम्ही पण उभे राहा." मी त्याला भाजी निवडायला बसवलं.

मग खरा चोर सापडला. भावाने नानांसाठी पाठवलेलं पाय चेपायचं यंत्र. ते नुसतं सॉकेटला लावून ठेवलं तरी बेल मरायची, काढलं की जिवंत. इतका आनंद मला बारावीच्या निकालानेही झाला नव्हता. ताबडतोब पुण्याला फोन लावला. "तुझ्या यंत्राने माझी बेल मारली."

"मग नानांचे पाय कोण चेपणार?" भाऊ म्हणाला.

"तू ये आणि चेप."

पुढचे दहा-बारा दिवस बेल ठणठणीत वाजली. मी शेजारणींना वायरींमधल्या गोंगाटावर व्याख्यानं दिली. मग एका संध्याकाळी नानांना सहज दाबायला सांगितलं आणि काहीही झालं नाही. पाय चेपायचं यंत्र माळ्यावर होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. आतापर्यंत माझी चिडचिड होत होती, पण चिडचिड ही घराची गोष्ट असते, ती चालते. आता मला दिसायला लागलं की दसऱ्याला नाना गाडीत मागच्या सीटवर बसले आहेत आणि खिडकीतून झेंडूकडेसुद्धा बघत नाहीत.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी भाऊ आला. सोबत रिकामी बॅग होती. बॅग कुणाची ते त्याने सांगितलं नाही. सकाळी त्याने स्वतः बटण दाबलं आणि बेल वाजली. परत दाबलं, परत वाजली. "बरं," तो म्हणाला. परीक्षकाने नाइलाजाने गुण द्यावेत तसं.

दुपारनंतर आभाळ भरून आलं. आम्ही दोघं वर माझ्या स्वयंपाकघरात चहा घेत होतो, दिवे लावावे लागले होते. वीज एकदा जाऊन आली आणि दिवा पिवळा पडला, मिणमिणायला लागला. आमच्याकडे हे नेहमीचंच. जरा वेळ थांबलं की आपोआप लख्ख होतो. तसा तो झालाही.

"आता बघू," भाऊ म्हणाला आणि त्याने नानांना फोन लावला. त्यांना बटण दाबायला सांगायचं होतं. खालून रिंग ऐकू येत होती. वाजत राहिली. कुणी उचलला नाही. आणि बेलही वाजली नाही.

जिना आम्ही दोघं कसे उतरलो ते मला आठवत नाही. भाऊ माझ्यापुढे होता. नानांचा पलंग रिकामा होता. मोरीही रिकामी. भाऊ "नाना!" म्हणून ओरडला तो लहानपणी विहिरीपाशी ओरडायचा त्या आवाजात.

"इकडं हाय," बाहेरून उत्तर आलं.

नाना ओट्यावर होते, मीटरच्या बोर्डापाशी. काठी खाली पडली होती. एक हात भिंतीला टेकलेला, दुसरा बोर्डावरच्या गोल खटक्यावर. आमच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आला का वर उजेड?"

ज्यांच्या घरी विहिरीची मोटार आहे त्यांना हा खटका समजावून सांगायला नको. मोटारीसाठी खांबावरून घरात तीन फेज येतात. त्यातला एखादा अधूनमधून लंगडा पडतो आणि त्याच्यावरचे दिवे मिणमिणतात. मग कुणीतरी उठून खटका फिरवतो आणि तो मजला धडक्या फेजवर टाकतो. आमच्या घरात हे काम नानांचं. ज्याची परीक्षा, त्याचा फेज, असा कायदा होता. माझी दहावी, भावाची बारावी, सगळी त्या खटक्यावर पार पडली. आई बिचारी चुलीपाशी मिणमिणत्या दिव्यात भाकरी थापायची. परीक्षा संपल्या, आई गेली, तरी कायदा रद्द झाल्याचं नानांना कुणी कळवलं नव्हतं. पलंगावरून त्यांना अंगणात पडलेला माझ्या खिडकीचा उजेड दिसतो. तो पिवळा पडला की ते उठत, काठी टेकत ओट्यावर येत आणि माझा मजला चांगल्या फेजवर टाकत; पुढे तोही लंगडा पडला की परत पहिल्यावर. आणि तारेतला निरोप एका फेजवरून दुसऱ्या फेजवर उडी मारत नाही. हे मी दरवर्षी काही शिकवत नाही, पण मला ठाऊक होतं. मी पहिल्या दिवशी तपासलं होतं, एकदाच. तारा जागच्या हलत नाहीत असं मी धरून चालले होते. दिवा आपोआप लख्ख होतो असंही.

मी खटका मागे फिरवला, आत जाऊन बटण दाबलं. वर बेल वाजली. पुढे फिरवला, दाबलं. शांतता.

"पडला असतात नाना!" भाऊ संतापला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यामुळे तो आणखीच संतापला होता.

"पडलो नाय," नाना म्हणाले. "तिला वर काय दिसत नव्हतं. येक फेज गेलता."

मला भयंकर राग आला होता. ज्या बेलवर त्यांचं इथलं राहणं टांगलं होतं ती ते स्वतःच्या हाताने बंद पाडत होते, पडायचा धोका पत्करून, मी कांदा नीट बघून चिरावा म्हणून. आणि राग ओसरला तेव्हा त्याच्याखाली जे होतं ते रागापेक्षा कठीण होतं. मी काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

भाऊ दुसऱ्या दिवशी रिकामी बॅग घेऊन परत गेला. जाताना म्हणाला, "ताई, खटक्याला हात लावू देऊ नकोस." ही त्याची मला पटलेली पहिली सूचना. मी बोर्डाला कुलूप लावलं. एका फेजवरचा निरोप दुसऱ्यावर पोचवणारी छोटी डबी मिळते, तीही बोर्डात बसवून घेतली. आता कुणीही कुठल्याही फेजवर असो, बेल वाजणार.

नानांना कुलूप आवडलं नाही. "मंग फेज कोन बदलनार?"

"मी. तुम्ही फक्त बेल वाजवायची."

हे त्यांना जमलं. उजेड पिवळा पडला की बेल वाजे. मी खाली येई, कुलूप काढून खटका फिरवी, ते पलंगावरून "आला का?" विचारत, मी "आला" म्हणे. एरवी ते कधीही बेल वाजवत नसत. पाण्यासाठी नाही, उन्हाळी लागून लघवीला जळजळ झाली तरी नाही. दिवाळीनंतर ताप आला होता, तेव्हाही मी गेल्यावरच कळलं. एकदा मी सरळच विचारलं.

"नाना, पडलात तर वाजवाल ना?"

ते विचार करून म्हणाले, "पडल्यावर मानूस उठायच्या नादात आसतो. बेल कोन वाजवतं?"

म्हणजे महिनोन्महिने मी तारा दुरुस्त करत होते. तारा आता ठणठणीत होत्या. मी त्यांच्या पलंगावर बसले.

"मग असं करा. पडलात, की माझा फेज गेला असं समजा. आणि वाजवा."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"चालंल," म्हणाले.

भावाला हे सांगितलं तेव्हा त्याने आपोआप फेज बदलणारं यंत्र पाठवायची तयारी दाखवली, म्हणजे मला सारखा जिना उतरायला नको. मी नको म्हटलं. ते लावलं तर नानांची बेल वाजवायची सवय सुटेल.

मार्गशीर्षात एका दुपारी बेल वाजली. ऊन होतं. तरी माझा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला. दिवा लख्ख लागला. फ्रीज नीट चालू होता. मी चपला न घालता जिना उतरले.

नाना पलंग आणि दाराच्या मधे जमिनीवर होते, एका कुशीवर, हात वर करून बटणापर्यंत पोचवलेला. तोंड वेदनेने आक्रसलं होतं. मला बघून म्हणाले, "तुझा फेज गेलाय."

"हो नाना," मी म्हटलं, "गेलाय." आणि त्यांच्या काखेत हात घातला.